पट्टीवाल्या शास्त्रीबुवांस अनावृत पत्र

श्री. शास्त्रीबुवा,
मोठ्या कॅथीड्रलचं दक्षिणद्वार, स्ट्रासबर्ग.

स. न. वि. वि.

तुमचं नाव इतिहासाने नोंदून ठेवलं नाही, हे तुमच्या पथ्यावरच पडलं. १२३०च्या सुमारास स्ट्रासबर्गच्या कॅथीड्रलच्या दक्षिण दारावर दोन बायकांच्या मूर्ती उभ्या राहिल्या. छिन्नी पाथरवटाची होती. पण कुणाच्या हातात काय द्यायचं आणि कुणाच्या डोळ्यांवर काय बांधायचं, हे त्या काळी पाथरवट एकटा ठरवत नसे. लॅटिन जाणणारा, पोथीवर बोट ठेवून ‘असं लिहिलंय’ म्हणणारा कुणी विद्वान त्याच्या मागे उभा असे. हे पत्र त्या विद्वानाला आहे. तुम्हाला शास्त्रीबुवा म्हणतोय ते आदरानेच. आमच्याकडेही पोथीतलं आपल्याला हवं तेवढंच वाचणाऱ्याला याच नावाने हाक मारायची पद्धत आहे.

काम मात्र देखणं झालंय, हे आधीच सांगून टाकतो. एका बाजूला एक्लेसिया, म्हणजे ख्रिस्तसभा. डोक्यावर मुकुट, एका हातात क्रूसाचा दंड, दुसऱ्या हातात प्याला, आणि नजर रोखलेली थेट पलीकडच्या बाईवर. ती पलीकडची म्हणजे सिनागोगा, यहुद्यांचं सभास्थान. तिचा भाला मोडलेला, नियमशास्त्राच्या पाट्या हातातून निसटायच्या बेतात, मान वळवलेली, आणि डोळ्यांवर पट्टी. दोघींच्या मधे निवाड्याला तुम्ही शलमोन राजाला बसवलंत. तो स्वतः यहुदी होता, ही किरकोळ बाब तुमच्या नजरेतून सुटली असावी. तुमच्या डोळ्यांवर तर काही बांधलेलं नव्हतं!

पाथरवटाने तुम्हाला थोडं फसवलं, असंही मला वाटतं. त्याने ती हरलेली बाई जिंकलेल्या बाईपेक्षा सुंदर केली आहे. पट्टीचं कापड इतकं तलम कोरलंय की खालचे डोळे जाणवतात. तुम्ही सांगितलंत आंधळी कर, आणि त्याने घडवली ती डोळे झाकलेली बाई. या दोन गोष्टींत केवढं अंतर आहे! मराठी माणसाला पट्टी म्हटली की गांधारी आठवते. तिने ती स्वतःच्या हाताने बांधली, कुणासाठी ते सगळ्यांना माहीत आहे. सिनागोगाच्या पट्टीची गाठ कुणी मारली, ते मात्र दगडाकडे बघून कळत नाही. त्यासाठी तुमचीच पोथी उघडावी लागते.

पोथी तुम्ही चाळली होती, यात शंका नाही. घसरलेला मुकुट आणि अंधारलेले डोळे, मध्ययुगातल्या कितीतरी चित्रांत सिनागोगाला चिकटवलेल्या या दोन खुणा विलापगीताच्या पाचव्या अध्यायात एकमेकींना लागून सापडतात, सोळाव्या आणि सतराव्या वचनांत. जागा अचूक शोधलीत. फक्त तिथे बोलतंय कोण, हे विचारायचं राहिलं. इसवी सनापूर्वी ५८६च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलं, मंदिर पाडलं, माणसं हाकत नेली. त्या राखेत मागे उरलेले लोक म्हणतात की आमच्या डोक्यावरचा मुकुट पडला, चूक आमचीच झाली, काळीज खचलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. का? तर सियोनाचा डोंगर ओसाड पडलाय आणि त्यावर कोल्हे फिरताहेत म्हणून. ही रडून रडून आलेली अंधारी आहे, शास्त्रीबुवा. घरात मढं पडलेलं असताना रडणाऱ्या बाईचे सुजलेले डोळे बघून ‘हिला दिसत नाही’ असं निदान करणारा वैद्य गावात एकदाच येतो, पुढच्या वेळी त्याला वेशीवरच अडवतात. तुम्हाला मात्र कॅथीड्रलचं दार दिलं गेलं.

हेच विलापगीत यहुदी लोक अव महिन्याच्या नवव्या दिवशी, मंदिराच्या विध्वंसाचा उपास धरून, जमिनीवर बसून वाचतात. आमच्या कोकणातले बेने इस्राएल त्या उपासाला म्हणत ‘बिरड्याचा रोजा’, कारण त्या वेळी वालाचं बिरडं खायची रीत. शास्त्रीबुवा, तुम्हाला बिरडं ठाऊक नसणार, त्यामुळे पुष्कळच गोष्टी तुम्हाला कळणं कठीण आहे. कुलाब्याच्या गावांतून तेलाचा घाणा चालवणाऱ्या या लोकांना शेजाऱ्यांनी शतकानुशतकं पाहिलं, आणि त्यांच्याविषयी एवढंच नोंदवलं की शनिवारी यांचा घाणा बंद असतो. नाव पडलं शनवार तेली. आमचं गावगाड्याचं शास्त्र काही फार उजळ नाही, जातीच्या उतरंडीत त्यांनाही एक पायरी नेमून दिलेली होतीच. पण त्यांच्या डोळ्यांचं निदान करून ते देवळाच्या दारावर कोरावं, असं इथे कुणाला सुचलं नाही. त्याला तुमच्याएवढं शिक्षण लागतं.

आता यशयाकडे वळू, कारण तुमचा खरा आधार तोच. सहाव्या अध्यायातला तो भयंकर आदेश, की या लोकांना सांग, पाहा पण समजू नका, आणि यांचे डोळे मिटून टाक. तुमच्या परंपरेत हा आदेश इतक्या वेळा यहुद्यांच्या तोंडावर फेकला गेला, की तो मुळात कुणाच्या तोंडून कुणासाठी निघाला होता, हेच विसरायला झालं. उज्जीया राजा मेला त्या वर्षी, इसवी सनापूर्वी आठव्या शतकात, मंदिरात हे दर्शन घडतं आणि यशयाचा पहिला उद्गार असतो स्वतःबद्दल. माझा नाश झाला, माझे ओठ अशुद्ध आहेत आणि माझ्यासारख्याच ओठांच्या लोकांत मी राहतो, अशा अर्थाचं तो बोलतो. त्यानंतर त्याला आदेश मिळतो. मग तो आपल्याच राजाकडे, आपल्याच गल्लीत जातो. आंधळेपणाचा आरोप करायचा परवाना त्याला मिळाला तो आधी स्वतःचं तोंड भाजून घेतल्यावर. वेदीवरचा निखारा ओठांना लावला होता त्याच्या. तुमच्या ओठांना काय लावलं होतं?

पुढे एकोणतिसाव्या अध्यायात तर त्याने तुमचंच चित्र काढलंय. मोहोरबंद गुंडाळी शिकलेल्याला देतात, वाच म्हणतात. तो म्हणतो, मोहोर आहे, कसं वाचू? मग ती अडाण्याला देतात. तो म्हणतो, मला अक्षर येत नाही. दोघांच्याही हातात पुस्तक, आणि दोघेही कोरडे. अडाण्याचं कारण निदान खरं आहे! शिकलेल्याला अक्षर येतं, बोटं शाबूत आहेत, मोहोर मातीची असते. पण ती फोडण्याएवढी तसदी कोण घेणार? छप्पनाव्या अध्यायात तो आणखी पुढे जातो. आंधळे म्हणतो ते पहारेकऱ्यांना, म्हणजे ज्यांना बघण्याचाच पगार मिळतो त्यांना. भुंकता न येणारी कुत्री म्हणतो, पडून राहायला आवडणारी, पोट कधीच न भरणारी. एकोणसाठाव्यात तर बोलणारा स्वतःच रांगेत उभा आहे. भर दुपारी भिंत चाचपडत चाललेले ते आंधळे कोण? आम्ही, असं म्हणतो तो.

यातलं काही तुम्ही दारावर कोरून घेतलं नाहीत. झोपाळू पहारेकऱ्याची मूर्ती कॅथीड्रलच्या दारावर शोभली नसती, हे मला समजतं.

बेचाळिसावा अध्याय मात्र तुम्ही टाळलात, याचं मला खरंच वाईट वाटतं. तिथे प्रश्न विचारलाय की माझ्या सेवकाइतका आंधळा कोण आहे? मी धाडलेल्या दूताइतका बहिरा कोण? ज्याला देवाने निवडलं, त्यालाच दिसत नाही, आणि तरीही त्याचं सेवकपद काढून घेतलेलं नाही. त्याच अध्यायात, तीनच वचनं आधी, देव सांगतो की आंधळ्यांना मी त्यांच्या अनोळखी वाटेने नेईन, त्यांच्यापुढच्या अंधाराचा उजेड करीन. म्हणजे संदेष्ट्यांच्या भाषेत आंधळा म्हणजे ज्याला हाताला धरून पुढे न्यायचंय असा माणूस. दारात उभा करून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा नमुना नव्हे.

यिर्मयाबद्दल फार बोलत नाही, तोही आपल्याच लोकांना म्हणतो, डोळे असून दिसत नाही. पण यहेज्केलाचा बारावा अध्याय तुम्ही वाचायला हवा होता. त्याची सुरुवातही याच आरोपाने होते, बघायला डोळे आहेत पण बघत नाहीत. आणि मग देव त्याला काय करायला सांगतो? आपलं बोचकं बांध, लोकांदेखत भिंतीला भोक पाड, संध्याकाळच्या अंधारात खांद्यावर ओझं घेऊन बाहेर पड, आणि तोंड झाकून घे, म्हणजे जमीन दिसणार नाही. कापड आहे, शास्त्रीबुवा! अख्ख्या भविष्यवाणीत जिथे डोळ्यांवर खरंखुरं कापड येतं, तिथे ते संदेष्ट्याच्या स्वतःच्या तोंडावर येतं. लोकांचं आंधळेपण दाखवायला त्याने आपले डोळे झाकले आणि त्यांच्या पुढे चालून दाखवलं. ते नाटक होतं सिद्कीया राजासाठी. त्याला बाबेलला नेतील, पण बाबेल त्याला दिसणार नाही, असं पुढे सांगितलंय. झालंही तसंच. रिब्ला इथे त्याच्यासमोर त्याची मुलं मारली गेली, मग त्याचे डोळे काढले गेले आणि साखळदंड घालून त्याला नेलं. प्रतीक म्हणून सांगितलेलं आंधळेपण राजाच्या अंगावर असं शब्दशः येऊन पडलं. हे सगळं सांगणाऱ्याला त्यात आनंद झाल्याचं कुठेही दिसत नाही.

तुमच्या समाधानासाठी एक परका संदेष्टाही देतो. बलाम. मवाबचा राजा बालाक याने त्याला इस्राएलाला शाप द्यायला बोलावलं होतं. वाटेत देवदूत तलवार उपसून उभा, तो गाढवीला तीनदा दिसला आणि बलामाला एकदाही नाही. प्रत्येक वेळी त्याने मारलं ते गाढवीला. शेवटी बिचारीला बोलावं लागलं. आणि दोनच अध्याय पुढे हाच गृहस्थ भविष्य सांगताना स्वतःची ओळख करून देतो, ज्याचे डोळे उघडे आहेत तो मी, म्हणून. बायबल लिहिणाऱ्यांना विनोद कळत नव्हता असं म्हणणाऱ्यांनी गणनाचं हे प्रकरण वाचावं. १९६७ साली जॉर्डनमधल्या देर अल्ला इथे गिलाव्यावर लिहिलेला एक प्राचीन मजकूर सापडला. त्यातही बौराचा मुलगा बलाम, देवांचा द्रष्टा, असा उल्लेख आहे. म्हणजे द्रष्टेपणाची पाटी त्याने इस्राएलाबाहेरही लावलेली होती. गाढवीचं नाव मात्र कुठेच नाही.

तुम्ही म्हणाल, हा सगळा जुना करार झाला, माझा आधार पौल आहे. मोशेच्या तोंडावरचा पडदा, आणि तोच पडदा आजही वाचणाऱ्यांच्या हृदयावर आहे, असं करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात त्याने लिहिलंय. खरं आहे, लिहिलंय. पण निर्गममधला तो पडदा मोशेने का घेतला होता? त्याचा चेहरा तेजाने झळकत होता आणि लोकांना ते झेपत नव्हतं. पौलाने ती प्रतिमा फिरवली, आणि फिरवायचा त्याला हक्क होता, कारण तो गमलिएलाच्या पायांशी शिकलेला यहुदी होता, घरातल्या घरात भांडत होता. रोमकरांना लिहिताना त्याने हेही बजावलं की ही कठोरता अंशतः आहे, काही काळापुरती आहे, आणि तुम्ही कलम केलेल्या फांद्या आहात, मुळावर तोरा मिरवू नका. दोन्ही पत्रं एकाच पोथीत बांधलेली असताना तुमचं बोट मात्र एकाच पानावर राहिलं.

संत ऑगस्टीनने मग तुमच्यासाठी वाट आणखी गुळगुळीत केली. यहुदी लोक आपल्या शास्त्रात जसे दिसतात, तसा आंधळ्याचा चेहरा आरशात दिसतो, असं तो एका स्तोत्रावरच्या प्रवचनात म्हणाला. इतरांना दिसतो, त्याला स्वतःला नाही. उपमा चमकदार आहे, पण तिच्यात एक गैरसोय आहे. आरशासमोर उभं राहून दुसऱ्याचा चेहरा न्याहाळणाऱ्याचा स्वतःचा चेहराही त्याच आरशात असतो, तो बघायला फक्त नजर थोडी बाजूला न्यावी लागते. तरी एवढं मान्य करतो की यांना मारू नका, हेही ऑगस्टीननेच बजावलं होतं, आणि त्या बजावणीने काही शतकं काही जीव वाचवले. तुमच्या मूर्तीत ती बजावणी कुठे कोरली आहे, ते मला सापडलं नाही.

मार्कचं शुभवर्तमान तुम्ही कसं वाचत होता, हे मला जाणून घ्यायला आवडेल. चौथ्या अध्यायात यशयाचं ते वचन बाहेरच्या लोकांना लागू होतं. वाचणाऱ्याला हायसं वाटतं, आपण आत आहोत! आठव्या अध्यायात येशू होडीत बसून, भाकरी विसरल्या म्हणून कुरकुरणाऱ्या आपल्याच शिष्यांना जवळजवळ तेच विचारतो. डोळे असून तुम्हाला दिसत नाही का? आणि लगेच पुढची गोष्ट बेथसैदाच्या आंधळ्याची. येशू त्याच्या डोळ्यांना थुंकी लावतो, विचारतो, काही दिसतं का? तो म्हणतो, माणसं दिसताहेत, पण झाडांसारखी चालताना. दुसऱ्यांदा हात ठेवावे लागतात, तेव्हा कुठे स्वच्छ दिसतं. दोन टप्प्यांत बरं होण्याचा हा एकच प्रसंग शुभवर्तमानांत आहे, आणि मार्कने तो नेमका तिथे ठेवला आहे. कारण त्याच्या पाठोपाठ पेत्र येशूला ओळखतो आणि पुढच्याच श्वासात त्याला दटावू लागतो. अर्धं दिसणं हेच शिष्यांचं दुखणं आहे, हे मार्क मूर्ती न घडवता सांगून जातो. योहानाच्या नवव्या अध्यायात तर दोष आंधळेपणाचा नाहीच, आम्हाला दिसतं असं म्हणण्याचा आहे.

या सगळ्याचं पुढे काय झालं, तेही तुम्हाला कळवायला हवं. तुमच्या बाम्बर्गच्या सहकाऱ्यांनी सिनागोगाच्या पायाखालच्या खांबावर एक सैतान कोरून घेतला, यहुद्याच्या डोळ्यांवर हात चालवणारा. पॅरिसमध्ये नोत्र दामच्या दर्शनी भिंतीवर तिच्या डोळ्यांवर साप गुंडाळला गेला. मूळ मूर्ती राज्यक्रांतीत फुटली, पण एकोणिसाव्या शतकातल्या जीर्णोद्धारात ती पुन्हा घडवली, सापासकट. त्याच पॅरिसात १२४२च्या सुमारास ताल्मूद या यहुद्यांच्या धर्मग्रंथाच्या हस्तलिखितांच्या चोवीस गाड्या भरून जाळल्या गेल्या. ज्यांना पुस्तक दिसत नाही असं तुमचं म्हणणं होतं, त्यांच्याकडे चोवीस गाड्या भरतील इतकी हाताने लिहिलेली पुस्तकं होती.

आणि १४ फेब्रुवारी १३४९. तुमचंच गाव. विहिरींत विष कालवल्याची आवई उठली होती, आणि प्लेग तर शहरात अजून पोचलाही नव्हता. यहुद्यांना त्यांच्याच दफनभूमीत लाकडाच्या मचाणावर चढवून जाळलं. शेकडो माणसं, शहराच्या बखरकाराच्या म्हणण्याप्रमाणे दोन हजार. मग तारणं आणि कर्जाच्या चिठ्ठ्या ज्याच्या त्याला परत मिळाल्या, रोकड कारागिरांच्या संघांनी वाटून घेतली. हिशेबाच्या वेळी शहरातल्या सगळ्यांना उत्तम दिसत होतं. पुढे यहुद्यांना शहरात रात्री राहायची बंदी झाली, आणि त्यांनी निघायची वेळ झाली हे सांगायला कॅथीड्रलवरून शिंग फुंकलं जाई. हा प्रकार फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळापर्यंत चालला. ती आग तुमच्या मूर्तीने लावली असं मी म्हणत नाही. दगड काही पेटवत नाही. पण जवळजवळ सव्वाशे वर्षं दारातून जाता-येता पोरासोरांनी जी बाई पाहिली, तिच्याबद्दल त्यांना काय शिकवलं गेलं, याची जबाबदारी घ्यायला कुणीतरी हवं. पाथरवटाचं नाव मी पुढे करणार नाही.

ज्या नियमशास्त्राच्या पाट्या तिच्या हातून निसटताना दाखवल्यात, त्या नियमशास्त्रात लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात एक साधी आज्ञा आहे, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये. घटकाभर तुमचंच म्हणणं खरं धरलं, ती आंधळी होती असं मानलं, तरी तुम्ही काय करायला हवं होतं, हे तिच्याच हातात लिहिलेलं होतं.

तुमची पट्टी प्रार्थनेतही शिरली. शुभ शुक्रवारच्या लॅटिन प्रार्थनेत यहुद्यांच्या हृदयावरचा पडदा काढ, त्या लोकांचं आंधळेपण दूर कर, अशी विनवणी शतकानुशतकं होत राहिली. बाकी सगळ्या विनवण्यांना लोक गुडघे टेकत, या एकीला टेकत नसत. गुडघे पुन्हा टेकायला १९५५ उजाडलं. १९५९ साली पोप तेविसाव्या जॉनने त्यातलं यहुद्यांना हिणवणारं विशेषण काढलं, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्र काढून यहुद्यांना देवाने धिक्कारलेलं समजू नये असं सांगितलं, आणि १९७०च्या मिसापुस्तकात ती प्रार्थनाच बदलली. तुमच्या मूर्तींचे मूळ दगड आता कॅथीड्रलजवळच्या संग्रहालयात आहेत, दारावर नकला आहेत. २०१५ साली फिलाडेल्फियातल्या सेंट जोसेफ विद्यापीठात जोशुआ कॉफमन या शिल्पकाराने याच दोघी पुन्हा घडवल्या. दोघीही मुकुटवाल्या, शेजारी शेजारी बसलेल्या. एकीच्या हातात तोराची गुंडाळी, दुसरीच्या हातात बायबल, आणि दोघी एकमेकींच्या पुस्तकात डोकावताहेत. पोप फ्रान्सिस यांनी त्याच वर्षीच्या सप्टेंबरात येऊन त्या मूर्तीला आशीर्वाद दिला. पट्टी सोडायला पावणेआठशे वर्षं लागली. गाठ फार घट्ट मारली होतीत, शास्त्रीबुवा.

तरी तुमचे वंशज बेकार झालेले नाहीत. प्रकटीकरणातल्या सात मंडळ्या म्हणजे चर्चच्या इतिहासाचे सात कालखंड, आणि शेवटची लावदिकीया म्हणजे शेवटच्या काळातलं भ्रष्ट चर्च, असा तक्ता १९०९च्या स्कोफिल्ड बायबलने घराघरांत पोचवला. तेव्हापासून लावदिकीया कायम शेजारच्या मंडळीत सापडते. स्वतःच्या मंडळीत तिचा पत्ता कुणालाच लागत नाही.

म्हणूनच शेवटी तुमच्याकडे एक काम घेऊन आलोय. नव्या करारात एका अख्ख्या मंडळीला तोंडावर ‘तू आंधळी आहेस’ असं सांगितलंय, आणि ती मंडळी यहुद्यांची नाही. ती आजच्या तुर्कस्तानातल्या देनिझलीजवळच्या लावदिकीयातली ख्रिस्ती मंडळी आहे, प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात. शहर पेढ्यांचं, काळ्या लोकरीचं. इसवी सन ६०च्या भूकंपात ते पडलं, तेव्हा रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशावर उभं राहिलं, असं टॅसिटसने लिहून ठेवलंय. जवळच वैद्यकीची नावाजलेली शाळा होती. डोळ्यांत घालायचं अंजन माझ्याकडून घे, असं त्या मंडळीला सांगितलंय, त्याला त्या शाळेची पार्श्वभूमी असावी असं अनेक भाष्यकार म्हणतात. अंजन तिथेच बनत असे याचा पुरावा विरळ आहे, पण टोमणा मात्र नेमका बसतो.

तेव्हा स्ट्रासबर्गच्या दारावर तिसरी मूर्ती बसवावी, असं माझं सुचवणं आहे. मुकुट असावा, क्रूसाचा दंड असावा, अंगावर उंची काळी लोकर असावी, आणि डोळ्यांवर तीच तुमची तलम पट्टी. दगड नेहमीचाच, व्होजच्या डोंगरातला गुलाबी वालुकाश्म. ओळख पटावी म्हणून खाली नाव कोरायची गरज पडणार नाही, एक्लेसियाच्या चेहऱ्याचा साचा तुमच्याकडे असेलच. खर्चाचं मात्र आम्हा गरिबांना विचारू नका. बिल थेट तिच्याच नावाने पाठवा. मी श्रीमंत आहे, मला कशाचीच उणीव नाही, असं ती स्वतःच म्हणते.

कळावे,
आपला,
एक मराठी वाचक